माळवदावरची माती

आमच्याकडे कुणी घर बांधायला काढलं की शेजारी पहिला प्रश्न विचारतात, “काय भावानं दिलं?” म्हणजे चौरस फुटाला किती रुपयांनी गुत्तं दिलं. दुसरा प्रश्न पहिल्या मोठ्या पावसानंतर येतो, “गळतंय का?” छताबद्दल घरमालक आणि मिस्त्री यांच्यात पिढ्यान् पिढ्या जे बोलणं होत आलं, ते बहुतेक या दोन प्रश्नांतच संपतं. तिसराही एक प्रश्न आहे. तो कुणी विचारला नाही आणि कुणी सांगितला नाही. त्याची किंमत लातूर-उस्मानाबादच्या सीमेवरच्या गावांनी १९९३ साली एका पहाटे मोजली. आमच्या घराने ती थोडी नंतर आणि बरीच स्वस्तात मोजली. हा लेख त्या प्रश्नाबद्दल आहे.

मराठवाड्यातल्या तरुण वाचकांनासुद्धा आता माळवद समजावून सांगावं लागतं. दगड आणि मातीच्या दोन-अडीच फूट जाडीच्या भिंती. आत सागाचे किंवा बाभळीचे खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर लाकडाच्या फळकुटांचा थर, त्यावर काड्या-पाला आणि सगळ्यात वर पांढरी माती. चार खांबांमधल्या जागेला खण म्हणत आणि घराचा मोठेपणा खणांत मोजत. ‘बारा खणांचं घर’ म्हटलं की सोयरीक जमवणाऱ्याला पुढचं विचारावं लागत नसे. उजेडासाठी आणि धूर जाण्यासाठी माळवदाला मध्ये एक भोक ठेवत, त्याला सवणं म्हणत.

कोकणात पाऊस धो धो पडतो, म्हणून तिथं उतरती कौलं. आमच्या भागात वर्षाला सातशे-आठशे मिलिमीटर पाऊस, तोही लहरी. त्यामुळे सपाट छत परवडत होतं. त्या छताचे उपयोगही पुष्कळ. उन्हाळ्यात रात्री वर झोपायचं, मिरच्या आणि पापड वाळवायचे, मोहरमची सवारी आणि गणपतीची मिरवणूक वरूनच बघायची. मे महिन्यात पारा चाळीसच्या पुढं गेला तरी माळवदाखाली दुपारी डोळा लागायचा. ज्यांनी पत्र्याखाली मराठवाड्याचा उन्हाळा काढला आहे, त्यांना याची किंमत वेगळी सांगायला नको.

माती पांढरीच का? काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की भेगाळते. ती शेतात सोनं आणि छतावर निरुपयोगी. पांढरी माती दाबली की घट्ट बसते. आपल्याकडे शेताला ‘काळी’ आणि वस्तीच्या जागेला ‘पांढरी’ म्हणतात ते याच फरकातून. ही माती बहुधा पडक्या गढ्यांतून किंवा जुन्या वस्तीच्या टेकाडांतून खणून आणत. तेरसारख्या गावात अशी टेकाडं सातवाहन काळापर्यंत मागं जातात. म्हणजे जुन्या माणसांची पडलेली घरं उकरून नव्या माणसांच्या डोक्यावर घातली जात होती.

माळवदाची खरी मेहनत दरवर्षीची. रोहिणी नक्षत्र लागलं, मृग जवळ आला की आमच्या गल्लीत गाढवांवरून पांढरी माती यायची. आमच्या घराचं काम एकाच मिस्त्रीकडे होतं. त्याला सगळं गाव मामा म्हणायचं, माझे अब्बाही मामाच म्हणायचे. मामा आधी माळवदावर अनवाणी चालायचे. पाय कुठं दबतो, कुठं पोकळ लागतं हे त्यांना तळपायाला कळायचं. मग भेगा बुजवायच्या, नवी माती पसरायची, चोपायची, पन्हळीकडे उतार द्यायचा. दोन दिवसांचं काम. रोख थोडी, ज्वारी जास्त, आणि दोन्ही दिवस दुपारचं जेवण. गावातल्या मशिदीचं माळवद मामांकडे होतं आणि मारुतीच्या देवळाचंही.

या व्यवहारात कागद नव्हता. भाव ठरवणंही नव्हतं. जुलैत कुठं पाणी टपकलं तर दादी मला पिटाळायची, “जा, मामाकू बोल, चूल्हे के उपर टपकता.” मामा संध्याकाळी पोतं पांघरून यायचे, वर चढायचे, ओंजळभर माती दाबायचे आणि चहा पिऊन जायचे. त्याचे पैसे वेगळे नसायचे. आज ज्याला आपण हमी म्हणतो, ती एवढीच होती की मिस्त्री त्याच गल्लीच्या टोकाला राहतो आणि उद्या सकाळी तोंड दाखवायचं आहे.

ही जुनी व्यवस्था मी गोड करून सांगतोय असं वाटेल. तसं नाही. त्या ज्वारीत मामांचं घर कसंबसं चालायचं, त्यांना काम नाकारायची सोय नव्हती आणि ‘नाही’ म्हणणारा मिस्त्री गावाला चालत नसे. हे पुढं कामाला येणार आहे.

३० सप्टेंबर १९९३, गुरुवार. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून लोक उशिरा झोपले होते. फजरच्या अजानला अजून वेळ होता. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसरात भूकंप झाला. तीव्रता सहाच्या थोडी वर. जगाच्या हिशेबात हा मध्यम भूकंप. पण आठ ते दहा हजारांच्या दरम्यान माणसं गेली आणि किल्लारी, सास्तूर, मंगरूळ, तळणी ही नावं रात्रीतून देशाला माहीत झाली.

त्या भागात १९९२ मध्ये धक्के बसले होते. ऑक्टोबर १९९२ मधल्या एका धक्क्याने घरांना तडेही गेले होते. पण त्या वेळच्या भूकंपाच्या अधिकृत नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या पट्ट्यात होता. २००२ मध्ये नकाशा सुधारला, तेव्हा पहिला पट्टाच रद्द झाला आणि लातूर तिसऱ्यात गेलं. म्हणजे धोका सरकारच्या कागदावरही नव्हता. मग आमच्या मामांनी तो कुठून ओळखायचा?

मध्यम भूकंपात इतकी माणसं का मेली, याचं उत्तर घरांत होतं. दगडी भिंत दिसायला एक, पण खरं तर ती दोन भिंतींची. आतली एक, बाहेरची एक आणि मध्ये माती-दगडांची भरती. दोन्ही बाजूंना धरून ठेवणारे आरपार दगड बहुतेक घरांत नव्हतेच. जमीन हलली, दोन्ही बाजू सुटल्या, भिंती फुगून कोसळल्या. आणि वर होती माती. हिशेब सोपा आहे. दहा बाय दहाच्या खोलीवर दोन फूट माती म्हणजे दोनशे घनफूट. कोरड्या मातीचं हे वजन आठ-नऊ टन होतं. पावसाळा नुकताच संपत आलेला, म्हणजे मातीत ओलही होती. जितकं वजन जास्त, तितका भूकंपाचा हिसका मोठा. शिवाय माती खाली आली की नाका-तोंडात जाते, माणूस श्वास कोंडून मरतो.

गोष्ट उलटी होती ती इथं. ज्याचं घर कुडाचं, छपराचं किंवा पत्र्याचं, तो गरीब अनेक ठिकाणी जिवंत बाहेर आला. ज्याचं घर मोठं, भिंत जाड आणि माळवद दणकट, तो गाडला गेला. काही घरांत मात्र भिंती पडूनही लाकडी खांबांनी माळवद पेलून धरलं आणि खाली झोपलेली माणसं वाचली.

आमचं गाव किल्लारीपासून चाळीसेक किलोमीटरवर. आमच्याकडे माणूस गेला नाही. आमच्या उत्तरेकडच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत भेग पडली, एवढंच. मी तेव्हा आठवीत होतो. महिनाभर सगळं गाव अंगणात, शेतात, गोठ्यात झोपलं. मामांची मुलगी तेरणाकाठच्या एका गावात दिली होती. ती वाचली, तिचा चार वर्षांचा मुलगा गेला. मामा तिकडून पंधरा दिवसांनी परत आले.

पुढच्या वर्षी जागतिक बँकेच्या कर्जातून राज्य सरकारचा मोठा पुनर्वसन कार्यक्रम सुरू झाला. त्यात घरमालकांचे दोन अगदी वेगळे अनुभव तयार झाले, आणि माझ्या मते छताच्या आपल्या इतिहासात हे वळण महत्त्वाचं आहे.

पहिला अनुभव, पूर्ण उद्ध्वस्त झालेल्या ५२ गावांचा. ही गावं नव्या जागी वसवली. घरं जमिनीच्या मालकीप्रमाणे २५०, ४५० आणि ७५० चौरस फुटांची. बांधणारे कंत्राटदार किंवा दाते. घरमालकाने मिस्त्री निवडला नाही, भाव ठरवला नाही, त्याला फक्त किल्ली मिळाली. घरं मजबूत होती, ते नाकारू नये. पण रस्ते शहरासारखे सरळ, शेत लांब, जनावराला जागा नाही. एखादं छत गळालं तर ज्याने ते घातलं तो माणूस जिल्ह्यातही नाही. काही वर्षांतच लोकांनी मागं-पुढं खोल्या वाढवल्या. त्यांतल्या काही पुन्हा त्याच जुन्या पद्धतीने दगडमातीत बांधल्या, कारण हाताशी तेच होतं आणि येत होतं तेच.

दुसरा अनुभव आमच्यासारख्यांचा. घर उभं, पण दुखावलेलं. अशी लाखाहून जास्त घरं होती. यांत पैसे हप्त्याहप्त्याने घरमालकाच्या हाती येणार, कनिष्ठ अभियंता येऊन काम पाहणार आणि मिस्त्री मालकाने स्वतः शोधायचा. गावोगाव गवंड्यांना प्रशिक्षण दिलं गेलं. बायकांनी या कामात लक्ष घालावं म्हणून गावात ‘संवाद सहायक’ नेमल्या गेल्या. घराची खरी देखभाल बायका करतात हे सरकारी कामात मान्य झालेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

आमच्याकडे आलेला अभियंता तरुण होता. त्याने जे सांगितलं ते सोपं होतं. माळवदावरची माती काढा, सात-आठ इंच ठेवा, खाली प्लॅस्टिकचा कागद घाला म्हणजे गळणार नाही. भिंतीत जागोजागी भोक पाडून आरपार दगड किंवा काँक्रीट भरा. खांब आणि तुळई जिथं मिळतात तिथं तिरके आधार ठोका. खांबांना हात लावू नका.

दादी ऐकत होती. तिचं म्हणणं एकच, “माटी निकाले तो पानी कौन रोकिंगा?”

मामांना बोलावलं. ते माळवदावर गेले, पहार घेऊन एका कोपऱ्यात खणलं आणि हात घालून जाडी मोजली. दोन फुटांच्या वर निघाली. माझ्या आजोबांच्या काळात ती फूटभर होती म्हणे. मामा खाली आले, ओट्यावर बसले आणि बराच वेळाने म्हणाले, “दरसाल टाकली. काढली एकदाबी नाही. हे वजन मीच चढीवलंय, भाई.”

हे वाक्य मी तीस वर्षं विसरू शकलेलो नाही. नातवाला नुकतंच पुरून आलेला तो माणूस. त्याने कामात कधी चुकारपणा केला नव्हता. उलट जितकं काम चोख, तितकी माती जास्त, तितकं छत कोरडं आणि तितकं मरण जवळ. त्याला आम्ही दरवर्षी एकच प्रश्न विचारला, गळतंय का? त्याने दरवर्षी त्याच प्रश्नाचं प्रामाणिक उत्तर दिलं. भार किती झाला, हे ना आम्ही विचारलं ना त्याने सांगितलं.

मामा माती काढायला तयार होते. पण अब्बांच्या मनात आता वेगळंच होतं. शेजारी स्लॅब पडत होते. भूकंपानंतर माळवद हा शब्दच लोकांना नकोसा झाला होता. स्लॅब म्हणजे सुरक्षा, स्लॅब म्हणजे शहर, स्लॅब म्हणजे मुलीच्या सोयरिकीत वर मान. अब्बांनी मामांना विचारलं, याच भिंतींवर स्लॅब टाकता येईल का? मामा म्हणाले, “भिंत नवी करा, नाहीतर खाली कॉलम घ्या. या भिंतीवर मी टाकणार नाही.” आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी आम्हाला ‘नाही’ म्हटलं. आणि आम्ही मिस्त्री बदलला.

अशा रीतीने आमच्या घरात गुत्तेदार आला. हा शब्द निजामाच्या मुलखाचा. पहिला अर्धा कानडी-तेलुगूकडचा, मागचा ‘दार’ फारसी. हैदराबाद संस्थानात दारूचा गुत्ता घेणारा तो गुत्तेदार. १९४८ नंतर रस्ते, तलाव, शाळाखोल्या सगळ्यांचे गुत्तेदार झाले आणि १९९३ नंतर घरांचेही. बांधकामाच्या आपल्या भाषेत सगळ्या जगाचे शब्द आहेत. करार अरबी, मजूर फारसी, मिस्त्री पोर्तुगीज. जामीन हाही अरबी शब्द, जबाबदारी अंगावर घेणारा या अर्थाचा. घराच्या व्यवहारात मात्र तो कधी ऐकू येत नाही. तो कोर्टात राहिला.

गुत्तेदार एका वेळी पाच गावांत कामं घेत होता. त्या दोन वर्षांत मिस्त्री आणि वाळू, दोन्हीला सोन्याचा भाव होता. त्याने उचल घेतली, माळवद उतरवलं आणि मधले खांब काढून टाकले. “मालक, आता स्लॅब आहे, खांब कशाला? हॉल मोकळा होईल.” खांबांचं सागवान त्याने हिशेबात धरून नेलं. जे खांब घराचा भार पेलत होते, ते गेले आणि सगळा भार त्याच दुभंगलेल्या दगडी भिंतींवर बसला. पाच इंची स्लॅब मातीपेक्षा हलका हे खरं, एका खोलीवर जेमतेम तीन टन. पण मातीचा भार खांब आणि भिंत वाटून घेत होते. स्लॅबचा सगळा भार भिंतीचाच. अभियंता पुढच्या हप्त्याला आला तेव्हा स्लॅब पडून गेला होता. तो हताशपणे बघत राहिला.

व्यवहार लिहून ठेवावा ही शिकवण आमच्या घरात होती. अब्बांनी गुत्तेदाराशी कागद केला, दोन साक्षीदारांच्या सह्या घेतल्या. तो कागद अजून माझ्याकडे आहे. त्यात एकूण रक्कम आहे, तीन हप्त्यांच्या तारखा आहेत, सिमेंट कुणाचं आणि सळई कुणाची ते आहे. भिंत किती जाड, भार कशावर, गळालं तर कोण येणार, तडा गेला तर कोण भरणार, यातलं एक अक्षर नाही. अब्बा अडाणी नव्हते, तालुक्याला नोकरी केलेली. पैशाचा करार त्यांनी चोख केला. घराचा करार करायचा असतो, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

पहिल्याच पावसात भिंत आणि स्लॅबच्या सांध्यातून पाणी आलं. दुसऱ्या वर्षी उत्तरेच्या भिंतीला पोट सुटलं. अब्बा गुत्तेदाराला शोधत फिरले. तालुक्याच्या बाजारात तो सापडला. आदराने बोलला, चहा पाजला आणि म्हणाला, “मालक, तुम्ही स्लॅब मागितला, मी स्लॅब दिला.” अब्बांकडे याचं उत्तर नव्हतं. तो खोटं बोलत नव्हता.

१९९९ मध्ये तो स्लॅब फोडावा लागला. एक एकर शेत गेलं. नवीन घराला कॉलम घेतले, खाली आणि वर पट्टे घेतले, स्लॅब नीट पडला. त्या वेळी मामा थकले होते, काठी टेकत आले. अब्बांनी त्यांची माफी मागितली. मामा म्हणाले, “आधी पायाची सळई दाखवा.” आणि खड्ड्याच्या कडेला बसून त्यांनी ती मोजली.

आज हे लिहिण्याचं कारण असं की आमच्या भागात पुन्हा घरं बांधण्याची लाट आहे. परदेशातल्या पोरांचे पैसे, घरकुलाचे हप्ते, बँकेचं कर्ज. किल्लारीनंतर जन्मलेली पिढी आता घरमालक आहे आणि त्याच पिढीची पोरं गुत्तेदार आहेत. ‘मजुरीचा भाव काय, मटेरियलसकट काय’ यावर तासभर घासाघीस होते. एक मजली पाया घेऊन दुसरा मजला चढवतात. दुकानासाठी खालची भिंत काढतात. गळती थांबवायला स्लॅबवर पुन्हा चार इंच काँक्रीट ओततात, त्यावर पाण्याची टाकी बसवतात. मला त्यात मामांची पांढरी माती दिसते. फक्त ती आता राखाडी झाली आहे.

दोष एकट्या गुत्तेदाराचा आहे असं मला वाटत नाही. जो घरमालक फक्त भाव विचारतो, त्याला भावच मिळतो. जो ‘नाही’ म्हणणाऱ्या मिस्त्रीला बदलतो, त्याला ‘हो’ म्हणणारा मिळतोच. मामा ज्वारीसाठी बांधलेले होते तेव्हा त्यांना नाही म्हणता येत नव्हतं. एकदा त्यांनी म्हटलं, तेव्हा आम्हाला ऐकता आलं नाही.

गेल्या वर्षी धाकट्या भावाने वर एक खोली काढायची ठरवली. गुत्तेदार गल्लीतलाच, माझ्या वर्गमित्राचा मुलगा. मी अब्बांचा जुना कागद त्याच्यासमोर ठेवला आणि म्हटलं, “बेटा, यात जे नाही ते आधी लिहू, भाव शेवटी.” तो हसला. मग वर गेला, टाकीखालची जागा बघून आला आणि म्हणाला, “चाचा, टाकी आधी खाली घ्यावी लागंल. खालच्या कॉलमची सळई बघितल्याबिगर मी वर खोली काढणार नाही.”

त्यालाच काम दिलं.